पट्टीवरचा पांढुरका थर

दोन संध्याकाळी मी एकच पट्टी घासत बसले होते. गाडीच्या डाव्या दाराखालची, जेमतेम हातभर लांब. आधी चिंच लावून बघितली, कारण आमच्या घरात धातू काळवंडला की हात आपोआप चिंचेकडे जातो. मग टूथपेस्ट, मग दुकानातून आणलेलं मेटल पॉलिश. फडकं काळंसुद्धा झालं नाही. पट्टी होती तशीच, दुधी काचेसारखी, पांढुरकी आणि आंधळी.

गाडी बाबांची. १९८३ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली. तेव्हा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. बाबांनी नंबर लावला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता आणि गाडी दारात आली तेव्हा मी रांगत होते. मुंबईहून ती रत्नागिरीला आली ती कायमचीच. इंजिन बाबांनी जिवापाड सांभाळलं, रंगही दोनदा देऊन झाला, पण चकचकीत सामानाकडे फारसं कुणी बघितलं नाही. दारांच्या बाजूने जाणाऱ्या लांब पट्ट्या, हेडलाइटच्या रिंगा, चाकांचे कप, बंपर, मागची नावाची पट्टी. आमचं घर समुद्रापासून सरळ रेषेत दीड किलोमीटरवर. पावसाळ्यात इथला वारा खारा असतो, जिभेला जाणवतो इतका. २०२३च्या फेब्रुवारीत इंजिनाचं काम करून गाडी गॅरेजमधून घरी आली, सुरू होताच गुरगुरायला लागली, आणि तिचा तो निस्तेज चेहरा मला बघवेना. बाबा म्हणाले, "पट्ट्या नव्या मिळतात बाजारात." मिळतात, पण पातळ पत्र्याच्या, आणि कुठेच नीट बसत नाहीत. ह्याच पट्ट्या उजळवायच्या असं मी ठरवलं.

वाट दाखवली ती खिडक्या करणाऱ्या दादांनी. वरच्या मजल्याला स्लायडिंगच्या खिडक्या बसवायला ते आले होते. पट्टी हातात घेतली, नखाने टोकरली आणि म्हणाले, "ताई, हे ॲनोडाइज आहे. हा मळ नव्हे, वरचा थरच खराब झालाय. किती घासलंत तरी जायचा नाही." मी जरा शंकेने बघितलं असणार, कारण त्यांनी पेटीतून मल्टिमीटर काढला. सुया एकमेकींना टेकवल्या तर पीप वाजला. सुया पट्टीच्या दर्शनी बाजूवर ठेवल्या तर गप्प. मग पट्टीच्या कापलेल्या टोकावर, जिथे उघडा धातू होता तिथे ठेवल्या, आणि लगेच पीप. एकाच पट्टीच्या एका जागी वीज जाते आणि दुसऱ्या जागी जात नाही! धातूवर काहीतरी आहे ह्याचा याहून सरळ पुरावा नको.

ॲल्युमिनियमला हवा लागली की त्याच्यावर आपोआप ऑक्साइड धरतं, पण तो थर काही नॅनोमीटरचा, असून नसल्यासारखा. कारखान्यात हाच थर मुद्दाम वाढवतात, त्यालाच ॲनोडाइज करणं म्हणतात. पट्टी गंधकाम्लाच्या पाण्यात बुडवून तिला बॅटरीचं धन टोक जोडतात, वीज सोडतात, आणि थर काही मायक्रॉनपर्यंत जाड होतो. मग गरम पाण्यात धरून त्याची छिद्रं मिटवतात. हा थर पारदर्शक असतो, वीज वाहू देत नाही आणि कमालीचा कठीण असतो. माणिक आणि नीलम ही रत्नं म्हणजे ह्याच ऑक्साइडचे स्फटिक. पॉलिशमध्ये घासायला जी बारीक पूड असते तीही बहुतेक वेळा हीच. माझी दोन संध्याकाळची मेहनत कुठे गेली ते तेव्हा कळलं. पद्धतीचा जन्मही समुद्राकाठच्या अडचणीतून झाला हे वाचून मला फार बरं वाटलं: १९२३च्या सुमाराला इंग्लंडात, गंधकाम्लाऐवजी क्रोमिक आम्ल वापरून, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्याने सडू नयेत म्हणून ती पहिल्यांदा कामाला लावली गेली.

इतका कठीण थर आंधळा का झाला? दादांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "ह्या बाजूला प्लास्टर केलं होतं का कधी?" केलं होतं, गाडीच्या शेडला लागून असलेल्या भिंतीला. गाडी तिथेच उभी होती, वर नुसती चादर टाकून. डाव्या बाजूच्या पट्ट्या उजव्या बाजूपेक्षा दुप्पट खराब होत्या आणि त्यांवर ओघळांचे डाग होते. खारी हवा हा थर हळूहळू खातेच, पण सिमेंटचं आणि चुन्याचं पाणी त्याला झपाट्याने खातं. खिडकीच्या नव्या सेक्शनला, म्हणजे चौकटीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना, बांधकाम संपेपर्यंत टेप का लावून ठेवतात, ते मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मी फ्रिजवरचं चुंबक घेतलं आणि गाडीवरच्या प्रत्येक चकाकत्या वस्तूला लावून बघितलं. माझ्या मते कुठल्याही जुन्या गाडीचं काम इथूनच सुरू व्हायला हवं, पॉलिशच्या डबीपासून नव्हे. लांब पट्ट्यांना चिकटलं नाही, त्या हलक्या, म्हणजे ॲल्युमिनियम. बंपरला घट्ट चिकटलं, म्हणजे लोखंडावर क्रोम. हेडलाइटच्या रिंगा आणि चाकांचे कप यांनाही चिकटलं. ते क्रोम म्हणून बाजूला ठेवणार इतक्यात बाबांनी एक रिंग उलटी केली. आतून ती मातकट होती, पण गंज कुठेच नव्हता. ते स्टेनलेस निघालं. स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही असं आपण सर्रास म्हणतो, ते स्वयंपाकघरातल्या चांगल्या भांड्यांपुरतं खरं. त्यात निकल असतं. निकल नसलेल्या जातीच्या स्टेनलेसला चुंबक चांगलं चिकटतं आणि गाड्यांच्या पट्ट्या-रिंगांना तीच जात खूप वापरली जाते. म्हणून चुंबकाइतकीच पाठही बघायची. राहिली नावाची पट्टी. चुंबक चिकटत नाही, हाताला जड, आणि पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे फोड. ते जस्ताचं ओतकाम. ती मी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली.

पट्ट्या काढणं हे सगळ्यात नाजूक काम ठरलं. दरवाज्याचं आतलं पॅनेल उतरवायचं, आतून क्लिपांचे नट मोकळे करायचे, आणि नट गंजलेले असले तर गंज सोडवणारं तेल मारून दुसऱ्या दिवसाची वाट बघायची. दोन नट तरी तुटलेच. पट्टी बाहेरून उचकटली की ती वाकते, आणि वाकलेली पट्टी पुन्हा सरळ झाली तरी उजेडात लाट दिसते. प्रत्येकीच्या पाठीवर मी कागदी टेप लावून 'डावे पुढचे दार' असं लिहिलं.

पट्ट्या उलट्या केल्यावर दिसलं की जिथे जिथे लोखंडी क्लिप टेकत होती, बरोब्बर तिथेच पांढऱ्या भुकटीचे ढीग होते आणि खाली धातूला खळगे. बाकीची पाठ स्वच्छ. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारं पाणी आलं की ती एक छोटी बॅटरीच होते, आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं. मिरकरवाड्याच्या बंदरात होडीच्या पंख्याजवळ जस्ताचा ठोकळा लावतात तो ह्याच कारणाने: जस्त आधी झिजावं आणि पंखा वाचावा. आमच्या गाडीवर चाळीस वर्षं पट्ट्या त्या ठोकळ्याचं काम करत होत्या.

जुना थर उतरवायला कॉस्टिक सोडा लागतो. इथे मी मनापासून सांगते, हे काम घाईत किंवा मुलं आसपास असताना करू नये. डोळ्यांवर बंद चष्मा, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पायात बूट, जागा उघड्यावर, आणि जवळपास विस्तव किंवा विडी-सिगारेट अजिबात नको, कारण ॲल्युमिनियम आणि सोडा भेटले की हायड्रोजन निघतो. सोडा पाण्यात टाकायचा, थोडा थोडा, ढवळत. सोड्यावर पाणी ओतायचं नाही, ते उसळतं. भांडं ॲल्युमिनियमचं तर मुळीच चालत नाही. इतकी लांब पट्टी बुडवायची कशात हा प्रश्न बाबांनी सोडवला. पावसाच्या पन्हळीची पीव्हीसीची उरलेली नळी माळ्यावर होती. ती उभी चिरली, दोन्ही टोकांना झाकणं चिकटवली, विटांवर ठेवली. अगदी मापाची होडी झाली.

पाच लिटर पाण्यात पाव किलो सोडा. पहिला प्रयोग उजव्या मागच्या पट्टीच्या एका तुटक्या, वाया गेलेल्या तुकड्यावर केला. पहिली दोन मिनिटं काहीच नाही, कडांना चार बुडबुडे. मी समजले, पाणी सौम्य झालं. सोडा वाढवला आणि आत फोन आला म्हणून गेले. बारा-तेरा मिनिटांनी परतले तेव्हा पन्हळ उकळल्यासारखी फसफसत होती आणि हाताला गरम लागत होती. तुकडा बाहेर काढला तर तो काळा, आणि पुसल्यावर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत. थर संपल्यावर सोडा थांबत नाही, खालचा धातू खायला घेतो. तो तुकडा वाया गेलेला होता म्हणून बरं. दारावरच्या पट्टीचं असं झालं असतं तर मला फार वाईट वाटलं असतं.

त्यानंतर मी पन्हळीपासून हलले नाही. थर शाबूत असताना बुडबुडे फक्त कडांना आणि ओरखड्यांवर असतात. थर निघाला की अख्ख्या पट्टीवर एकसारखा बारीक फेस येतो, सोडावॉटरच्या बाटलीचं बूच काढल्यासारखा. तो क्षण ओळखायचा आणि पट्टी उचलायची. ताज्या पाण्यात माझ्या पट्ट्यांना तीन ते चार मिनिटं लागली. लगेच भरपूर पाण्याने धुवायची, मग व्हिनेगर पाण्यात मिसळून त्याचा हात फिरवायचा, म्हणजे सोड्याचा उरलासुरला अंश मरतो. वर काळपट काजळी राहते, ती मिश्रधातूतल्या तांबं-सिलिकॉनसारख्या गोष्टींची. ती ओल्या फडक्याने बरीचशी जाते. धुऊन कोरड्या केलेल्या पट्टीवर मी मल्टिमीटरच्या सुया ठेवल्या. पीप वाजला. आई आतून ओरडली, "काय गं वाजलं?"

मग पॉलिश पेपर, पाण्यातले. खोल ओरखडे होते तिथे ४०० नंबर, नाहीतर थेट ६००, मग ८००, १०००, १५००, २०००. पट्टीचा आकार मधे फुगीर असल्याने पेपर नुसत्या बोटांनी धरला तर बोटांच्या खुणा उमटतात. मी रबरी चपलेच्या तळव्याचा तुकडा पट्टीच्या गोलाईप्रमाणे तासून त्याला पेपर गुंडाळला. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. ६०० लांबीच्या दिशेने, ८०० किंचित तिरका, १००० पुन्हा लांबीने. दिशा बदलली की आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं, आणि ते पुरते गेल्याशिवाय पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. हा एवढा नियम मी एका पट्टीवर मोडला आणि शेवटी आरशासारख्या चमकेखाली ६०० नंबरच्या रेघा दिसल्या. पुन्हा मागे जावं लागलं. एका पट्टीला सरासरी तीन तास, अशा आठ पट्ट्या. शनिवार-रविवार असं करत मार्च संपला. पण २००० नंतर पॉलिश लावून सुती फडक्याने घासल्यावर फडकं काळंकुट्ट होतं, आणि त्या काळ्या पाण्याखालून स्वच्छ पांढरा उजेड वर येतो. फडकं काळं होणं ही इथे चांगली खूण. उघडं ॲल्युमिनियम घासलं की काळंच निघतं.

स्टेनलेसचं काम मात्र हाताने होण्यातलं नव्हतं. रिंगा आणि कप घेऊन मी आंबा घाटातून कोल्हापूरला गेले, उद्यमनगरात. तिथे बफिंग करणारे एक मामा आहेत, साठीचे असावेत. त्यांनी एक कप हातात घेतला, पाठीमागून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, आधी पोचा काढून आणा. पोच्यावर बफ मारला तर पोचा आणखी उठून दिसतो." शेजारच्या डेंटरने लाकडी ठोकळ्यावर कप ठेवून आतून बारीक हातोडीने ठोके दिले, पोच्याच्या कडेपासून मध्याकडे, एकदम मधोमध नाही. मग वरून बारीक कानस हलकेच फिरवली. कानशीचा ओरखडा पडला तो उंचवटा, नाही पडला तो खड्डा. त्यावर पुन्हा दोन ठोके. पाऊण तासात पोचा बोटाला लागेनासा झाला.

मामांच्या मशीनला दोन टोकं होती. एकीकडे सिसलचं, म्हणजे घायपाताच्या धाग्याचं, जाड चाक, दुसरीकडे मऊ सुती चाक. चाकाला लस्टरची, म्हणजे घट्ट पॉलिशची, वडी टेकवायची आणि मग काम धरायचं. मी रिंग धरून बघू का विचारलं तर त्यांनी आधी माझी ओढणी काढून ठेवायला सांगितली, मग हात धरून दाखवलं. काम चाकाच्या मध्याच्या जरा खाली धरायचं, आणि कड कधीही फिरत्या चाकाच्या तोंडावर द्यायची नाही. "चाक ज्या बाजूनं पळतंय, कड त्या बाजूला. उलटी धरली तर चाक रिंग हिसकावून घेतंय, आणि ती कुणाच्या तोंडावर बसंल सांगता येत न्हाई." रिंग दोन सेकंद चाकावर, मग पुढे सरकवायची. एका जागी दाबून धरली तर पातळ स्टेनलेस तापून निळसर होतं आणि पिळवटतं. ॲल्युमिनियमसाठी त्यांची चाकं वेगळी होती. स्टेनलेसच्या चाकावर ॲल्युमिनियम घेत नाहीत, कारण कण एकमेकांत रुततात, आणि ॲल्युमिनियमची धूळ ठिणगीने पेटतेही. मामांच्या चेहऱ्यावर नाकापासून कपाळापर्यंत काळा थर होता. तोंडाला मास्क बांधा म्हणून मी दोनदा म्हणाले. ते हसले. पुढच्या खेपेला मी त्यांच्यासाठी चांगले धुळीचे मास्क घेऊन गेले आणि त्यांनी खरंच लावला.

बंपरचं थोडक्यात सांगते. पुढच्या बंपरवर गंजाचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला तर ठिपके गेले. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही. तारेची घासणी मात्र लावू नये, क्रोमचा थर एक मायक्रॉनसुद्धा नसतो. क्रोम निळसर दिसतं आणि त्याखालचं निकल पिवळसर. घासताना पिवळी झाक दिसली की थांबायचं. मागचा बंपर मात्र पुन्हा क्रोम करावाच लागला. तो बाबांनी १९९८ साली एका ठिकाणी क्रोम करून घेतला होता आणि एका पावसाळ्यात त्याचे पापुद्रे निघाले होते. ह्या वेळी काम देताना मी आधी तांबं, मग निकल, शेवटी क्रोम असे तिन्ही थर हवेत हे स्पष्ट सांगितलं, आणि निकल चढवण्याआधी तांब्याच्या रंगाचा बंपर स्वतः जाऊन बघितला. खरं रक्षण निकल करतं, क्रोम फक्त झळाळी देतं आणि निकलला काळं पडू देत नाही.

एप्रिलअखेर सगळ्या पट्ट्या आरशासारख्या झाल्या, पण आता त्या उघड्या होत्या, आणि पाऊस सहा आठवड्यांवर आला होता. मेण लावावं, क्लिअर लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, मारावा, की पुन्हा ॲनोडाइज करून घ्यावं? ज्याला विचारावं त्याचं उत्तर वेगळं. तेव्हा तो संत्र्याच्या सालीसारखा झालेला तुकडा आठवला. तो घासून नीट केला, चार तुकडे केले आणि पॉलिश केले. एक उघडा, एकावर मेण, एकावर लॅकर. चौथा खिडकीवाल्या दादांनी त्यांच्या सेक्शनबरोबर कोल्हापूरला पाठवून ॲनोडाइज करून आणला. चारही तुकडे नायलॉनच्या दोरीने गेटवर समुद्राच्या बाजूला टांगले. पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात गेल्या.

उघडा तुकडा तीन आठवड्यांत मंद झाला, ऑगस्टमध्ये त्यावर पांढरे ठिपके. मेणाचा जुलैच्या मध्यापर्यंत टिकला. दर पंधरा दिवसांनी मेण चढवलं असतं तर तो टिकला असता असं मला वाटतं, आणि पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्याने तेवढंच करावं. लॅकरचा तुकडा समोरून सुरेख होता, पण कापलेल्या कडेपासून लॅकरखाली केसासारख्या पांढऱ्या रेघा आत सरकत होत्या, आणि लॅकर तासून काढल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. ॲनोडाइजचा तुकडा पाण्याने धुतला की पहिल्या दिवसासारखा.

सप्टेंबरात पट्ट्या पुन्हा एकदा पॉलिश करून मी स्वतः कोल्हापूरच्या त्या युनिटमध्ये नेल्या. दोन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. एक, ॲनोडाइजआधीचं एचिंग करायचं नाही. खिडकीच्या सेक्शनना ते सोड्याच्या पाण्यातून काढतात, म्हणजे मंद, एकसारखी झाक येते. माझ्या पट्टीवर तेच केलं तर सगळी चमक पहिल्याच टाकीत गेली असती. फक्त तेल-मेण धुऊन काढा. दुसरी, विजेचा चिमटा पाठीवर लावा, कारण चिमटा जिथे धरतो तिथे थर चढत नाही. तिथल्या सुपरवायझरनी कागद वाचला आणि पट्ट्यांची बॅच वेगळी काढली. परत आलेल्या पट्ट्यांची चमक हातभर जवळून पाहिली तर किंचित मऊ झाली आहे, क्रोमसारखी थंड नाही. मला ती अधिक आवडते.

ऑक्टोबरच्या शेवटी बाबा आणि मी पट्ट्या बसवायला घेतल्या. त्याच दिवसांत मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेल्याची बातमी आली. बाबांनी ती मोठ्याने वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि पाना मागितला. क्लिपा आता स्टेनलेसच्या आहेत, प्रत्येकीखाली नायलॉनची चकती आणि ग्रीसचं बोट. बाबांची नजर कमी झाली आहे, पण आतल्या बाजूने नट कुठे बसतो ते त्यांच्या बोटांना पाठ आहे. नावाची पट्टी फोडांसकट तशीच लावली. जस्ताचे फोड घासून जात नाहीत, आणि नवं नाव लावायची आमची दोघांचीही इच्छा नव्हती.

चौथा तुकडा अजून गेटवर टांगलेला आहे. रविवारी गाडी गोड्या पाण्याने धुतली की मी तोही धुते.